चौकट क्रमांक बारा

मालवणला आमची फीत तीस मीटरची.
अर्ध्या अर्ध्या मीटरला थांबायचं
आणि खाली जे असेल ते पाटीवर लिहायचं:
जिवंत, पांढरं, मेलेलं, वाळू.
पेन्सिल पाण्यातही चालते.
पहिल्या दिवशीचा पहिला नियम,
प्रवाळाला हात लावायचा नाही.

तीच पाटी घेऊन पौषात चिचटोल्याला आले.
बसमध्ये सिलिंडर बघून कंडक्टर म्हणाला, गॅसचा का?
मी म्हटलं, हवेचा.
हवेचं काय तिकीट, म्हणत तो पुढे गेला.
बाहेर धान निघालेल्या बांध्यांत
वीतभर लाखोरी,
आणि समुद्र चारी दिशांना सारखाच लांब.

तलावाचं नाव माजी मालगुजारी,
कागदावर आखडून झालं मामा तलाव.
माझा मामा, दसरू मारबते,
पन्नास वर्षं याच पाण्यात जाळं टाकतो.
त्याला अजून वाटतं,
कोण्या बाबूनं ते त्याच्यावरूनच ठेवलं.

उतरलो.
मी नळ्या, पट्टे, कमरेला शिसं.
तो लंगोटी आणि एक श्वास.
हातभर खाली उजेड चहासारखा,
पुरुषभर खाली तोही नाही.
पाइपाची चौकट चिखलावर ठेवायची
आणि काचेला काच टेकवून वाचायचं.
एक: गाळ.
दोन: गाळ.
तीन: गाळ, डाव्या पायाची चप्पल.
चारला मामानं अंगठा माझ्या काचेपुढे धरला.
आमच्यात त्याचा अर्थ, वर चल, तातडीनं.
मी छाती धडधडत वर आले, तो मागून हसत.
"वाम गेली ना पोरी पायाखालून,
मस्त हाय म्हून दाखवलो."

पाच ते अकरा मी लिहिलं नाही,
खाली वरच्यासारखंच अशा खुणा केल्या.
इथे गाद होती, चिला होता,
पोवनाच्या देठांत मरळ पिल्लं राखायची.
मग कुठूनसं गवतखाऊ माशाचं बियाणं आलं,
टँकरभर, फोटोसकट.
काठावर बेशरम फुललेली आहे,
तिला कोणी खात नाही.

बारावीला मामानं माझं मनगट धरलं
आणि बोटं चिखलात रोवली.
मी झटक्यात हात मागे घेतला,
नियमानं.
त्यानं पुन्हा धरला.
काहीतरी मऊ, केसांसारखं,
बोटांच्या पेरांत अडकून सुटलं.

पाळीवर अंग वाळवताना त्यानं विचारलं,
"तुया तो प्रवाळ मंजे काय?
गोटा, का झाड, का जनावर?"
तिन्ही, मी म्हटलं.
"मंग मरते कसा?"
आधी रंग जातो. पांढरा पडतो.
तेव्हा मेलेला नसतो, फक्त उपाशी असतो.
पाणी वेळेत थंड झालं तर परत येतो.
त्यानं बिडी कानामागून काढली, पेटवली नाही.
मूठ उघडून चिखल नाकाशी नेला,
मग माझ्या नाकाशी.
"आपल्याकडं आधी वास जाते," तो म्हणाला.
"हे जागा अजून वास मारते. घे."

मला तर फक्त चिखलाचा वास आला.
तरी पाटीवर, वाळूच्या उजवीकडे,
एक रकाना आखला. डोक्यावर लिहिलं: वास.
अकरा ओळी कोऱ्या.
बाराव्या ओळीत काय लिहू, विचारायला वळले
तर तो पुन्हा पाण्यात शिरला होता,
सुकलेली बेशरमची एक काठी घेऊन,
त्या जागेवर खूण रोवायला,
आणि बराच वेळ वर आला नाही.
मी आकडे मोजत बसले. एक्याऐंशी, ब्याऐंशी.
त्र्याऐंशीला
काठीच्या शेजारी त्याचं डोकं आलं, आणि अंगठा.