ढेपा

तीनशे बारा दिवस.
तीनशे तेराव्याला स्टॉर्नोवेत शेवटची बस चुकली,
एवढंच.
कारण कसलंही पुरतं, हे ठाऊक होतं मला.
तरी पुरलं.

किर्स्टीने दार उघडलं. तिला वास आला.
काही न बोलता तिने चहात दूध घातलं.
ओरडली असती तर बरं होतं,
भांडायला कुणीतरी मिळालं असतं
तुझ्याखेरीज.

तुझ्याशी काय भांडायचं, देवा.
तू गप्प. खाली समुद्र तेवढा बोलतो,
तोही एकच वाक्य.
तरी रविवारी पहाटे गुडघे टेकले
बाथरूमच्या गार फरशीवर, ओकून झाल्यावर.
प्रार्थना कसली, वाकलेलो होतोच;
म्हटलं, इथवर आलोय तर
तुझंही नाव घेऊन टाकू.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये हात वर केला.
"किती दिवस, टॉर्मड?"
चार.
घशातून माशाचा काटा काढावा तसा काढला आकडा.
मागच्या बाकावरच्या पोराने टाळी वाजवली, एकट्यानेच,
मग ओशाळून थांबला.

सोमवारी म्हातारा मर्डो दारात.
"चल, ढेपा उभ्या करायच्यात."
मे महिन्यात दलदलीतून कापलेल्या माझ्या ढेपा,
काळ्या, लोण्यासारख्या मऊ,
चार-चार एकमेकींना टेकवून वाऱ्यात ठेवलेल्या,
हिवाळ्याचं जळण.
आठवडाभर पावसाने झोडपलं होतं.
निम्म्याहून जास्त आडव्या.
"ढेपाळल्यात, माझ्यासारख्या," मी म्हणालो.
तो हसला नाही.

एक उचलून त्याने माझ्या हातात दिली.
वरून ओली. नखाने खरवडली:
आत तपकिरी, कोरडी, धाग्याधाग्यांची.
"एकदा वाळायला लागली," तो म्हणाला,
"की भिजते, पण पुन्हा चिखल होत नाही."
आणि पाइप शोधत राहिला खिशात.

हे माझ्याविषयी होतं का, विचारलं नाही.
तसं धरून चालायला अजून धजत नाही.
शेडमध्ये, जुन्या रबरी बुटात, अर्धी बाटली आहे.
तुला ठाऊक आहे. त्याला नाही.

हॅरिसकडून ढग भरून येतायत.
तो वाकलाय, मी वाकलोय.
एक उभी केली. तिला दुसरी टेकवली.
सांगतो त्याला. ही रांग संपली की.
तोवर पाऊस थोपवून धर—
नाहीतर राहू दे, पडू दे पाऊस.
तू थांब.