नवाचा खण

स्टेशनाच्या अंगाला, टपाल छाटणीच्या लांबट खोलीत
शमशू बागवान चष्मा कपाळावर ढकलून वाचतात
पत्ता नाही, नुसता आकडा.
"नावं पोस्टमननं वाचायची," पहिल्याच रात्री मला म्हणाले,
"आपण सहा आकड्यांचं गिऱ्हाईक.

"चार म्हंजे हिकडं गोवा, तिकडं पार छत्तीसगड.
एवढ्या मुलखात हात घालून काय घावतंय?
पुढं एक आला की पुणं, सोलापूर, सातारा.
सहा आला, की आपण.
आपण म्हंजे एकलं कोल्हापूर न्हवं पोरी.
मिरज त्यात, सांगली त्यात,
आंबोली उतरून सावंतवाडी बी त्यात.
कलेक्टरचा जिल्हा येगळा, टपालाचा येगळा,
दोघांची सोयरीक न्हाई."

मग शेवटचे तीन.
तिथं दारं दिसायला लागतात.
शून्य शून्य आठ, राजारामपुरी.
दोनशे तीन, हुपरी: पाकीट उचलतानाच
त्यांना म्हणे पैंजण ऐकू येतात.

एकावर लिहिलेलं:
तालमीसमोर, पिंपळामागं, मंगळवार पेठ.
पिनकोडाच्या सहाही चौकटी कोऱ्या.
"ह्यो कोल्हापूरकर! ह्याला वाटतं
दिल्लीतबी ह्याची तालीम ठावं हाय."
हसत हसत लाल पेननं आकडे भरले,
न बघता.

पहाटे थैल्यांची तोंडं बांधायच्या आधी
खिशातून त्यांनी स्वतःचं आंतर्देशीय काढलं.
अश्पाक बागवान. नंबर. पलटण.
गाव नव्हतं.
पिनकोड नवापासून सुरू.

"नऊ फौजेचा," म्हणाले.
एक ते आठ, ज्याला त्याला आपापली नदी आहे,
आपापला बाजारचा वार.
नवाला नाही.

"पण म्हणजे कुठं?"
विचारलं आणि जीभ चावली.

चौतीस वर्षं हा माणूस
डोळे झाकून सांगत आलाय, कागद कुठं पोचणार.
चष्मा खाली आला. कोपऱ्यातला अरुंद खण.
हात आत गेला,
लगेच बाहेर आला नाही.

थैली भरताना ते पत्र माझ्या हाती लागलं.
मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या जागी,
चार सोळा, शून्य शून्य दोन, अगदी टपोरं,
आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
मशिदीचा बोळ, चुनेवाल्याशेजारी,
निळं दार. रंग नवा दिलाय,
चुकू नको.