न्यूट्रलमध्ये गप्प

मुर्मान म्हणाला, आवाज काढून दाखवा.
लामारा भूगोलाची मास्तरीण, लाजली.
मग ओठ दुमडून, टिक्‌ टिक्‌ टिक्‌ टिक्‌,
आणि खड्ड्यातला पोरगा फिसकन हसला.

न्यूट्रलमध्ये? गप्प होते.
ड्राइव्हमध्ये, ब्रेक दाबून? तेव्हाच तर.

त्यानं डिपस्टिक ओढली, तेल बोटांवर चोळलं, हुंगलं.
जळकं नाही. डाळिंबाच्या रसासारखं लाल.
डावा कान त्याचा केव्हाच गेलेला,
म्हणून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
टोक लोखंडाला टेकवलं.
गिअरबॉक्स थेट कवटीत बोलू लागला.

कन्व्हर्टरचे दोन बोल्ट. सैल.
रुस्तावीत कुणीही तुम्हाला अख्खा गिअरबॉक्स विकला असता.

कधीपासून?
भोकं बोटानं चाचपून तो म्हणाला,
चार वर्षं तरी. लंबगोल झालीत.

चार वर्षं.
तेव्हा या सीटवर गिझो बसायचा,
दर सिग्नलला रेडिओ मोठा करायचा, वर स्वतः गायचा,
आणि ती म्हणायची, अरे, कान फुटतील माझे.

परतताना पुलाच्या अलीकडे लाल दिवा लागला.
गाडीत काहीच वाजत नव्हतं.
तिनं रेडिओच्या बटणाकडे हात नेला.
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.