बदली

म्हशीला रविवार नसतो
हे मी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी शिकले.
अंगावरची हळद अजून ओली,
आणि सासूनं हातात बादली दिली :
आधी कास धुवून घे.

त्याला एकतीस वर्षं झाली.
तळवलीत तेव्हा गोठ्यामागं भाताची खाचरं होती.
आता तिन्ही बाजूंना इमारती.
सोळाव्या मजल्यावरून कुणीतरी दर महिन्याला
महापालिकेत तक्रार करतं, वासाची.
त्याच मजल्यावरची एक बाई
सकाळी सहाला किटली घेऊन पहिली उभी असते.

चार म्हशी उरल्यात. भुरी, काजळी, बारकी,
आणि मेहसाण्याहून आलेली एक,
तिला अजून नाव सुचलेलं नाही.

निकेश, माझा पुतण्या, महापेला कंपनीत आहे.
त्याला सी.एल. असते, पी.एल. असते,
घेतली नाही तर वर्षअखेर लॅप्स होते म्हणतो.
लॅप्स होऊन जाते कुठं रे, मी विचारलं.
तो हसला,
मग बोटांवर काहीतरी मोजत गेला आणि गप्प झाला.
पुढच्या आठवड्यात त्यानंच दोन दिवस टाकले,
मला रजा मिळावी म्हणून.

उरणला बेबीनं पंख्याखाली गादी घातली.
साडेतीनला जाग.
अंधारात माझ्या दोन्ही मुठी
उघडत होत्या, मिटत होत्या,
उशीच्या कोपऱ्याची धार काढत.
नीज गं, बेबी म्हणाली.
नीज म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला?
पायरीवर जाऊन बसले.

पाचला फोन.
“काकी, भुरी पाना नाय सोरत.
तीन लाथा मारल्यान.”
सरकी दिलीस? दिली.
पाठीवर हात फिरवलास? फिरवला.
मागं गिऱ्हाइकांच्या स्कूटरचे हॉर्न.
“दाराच्या मांगं खुटीला माजी निली सारी हाय.
ती नेस.”
बराच वेळ पलीकडं नुसती काजळी हंबरत होती.
“जीन्सवरनं नेसली त चालंल?”
“म्हशीला इचार.”

बेबीच्या नातीनं व्हिडिओ लावला.
एवढा कंपनीतला पोरगा, डोक्यावर माझा पदर,
गाल भुरीच्या कुशीला टेकलेला,
आणि बादलीत धार :
आधी पत्र्यावर वाजणारी, मग फेसात बुडणारी.
घर पोट धरून हसलं. मीही हसले.
मग बरगडीखाली काहीतरी बारीक टोचलं.
म्हणजे तिला मी लागत नव्हते तर.
साडी पुरत होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.
समुद्रावर जाऊन बसले.
भरती आपली आपण आली, आपली आपण गेली,
कुणाला साडेतीनला उठावं लागलं नाही.
चणे खाल्ले. पाय वाळूत पुरून ठेवले.
एवढंच केलं, आणि ते करायला सबंध दुपार लागली.

परतले तेव्हा संध्याकाळच्या धारेची वेळ टळत होती.
अंगावर बेबीनं नेसवलेली कोरी साडी, तिच्याकडचा साबण.
भुरीनं हुंगलं,
आणि परक्या बाईकडं पाहावं तशी पाहून
मान वळवली. पान्हा चोरला.

“निली सारी कुठं रं?”
“धुतली, काकी. मशीनमधी. लय वास येत व्हता.”
दोरीवर वाळत होती ती,
कुठल्यातरी न पाहिलेल्या फुलाचा वास मारत.

मग काय.
पदर खोचला, शेण ओढलं, वैरण टाकली,
घाम पाठीवरून कमरेपर्यंत येऊ दिला.
कपाळ तिच्या कुशीला लावून उभी राहिले.
गेटवर किटल्या वाजत होत्या.
सातच्या सुमारास तिनं एक लांब श्वास सोडला
आणि सड भरून आले.

त्या महिन्यात मी जुनी हिरवी साडी काढली.
पंधरा दिवस तीच नेसून धारेला बसले,
मग न धुता घडी घातली
आणि दारामागच्या खुंटीला टांगली.
ही कशाला, निकेशनं विचारलं.

“साठवतंय,” म्हटलं.