मानशीची दारं

कुंभारजुव्याच्या शाळेत प्रोजेक्टर तापायला वेळ घेतो,
तेवढ्यात मुलं टोपणनावं टाकून मोकळी:
कोण कुर्ली, कोण मगर,
कोण "टीचरची छत्री".

पडद्यावर चार रंगांच्या चार फरश्या,
वर सेकंद उलटे धावतायत, टिंगटिंग वाजतंय,
दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर काय करावं?
लाल फरशी: अवतरणचिन्हं द्यावीत, नाव द्यावं.
तीन सेकंदांत अख्खा वर्ग लाल.
मगर पहिली. नऊ हजार आठशे चाळीस गुण.
मगर म्हणजे अन्सेल्म रिबेलो,
शेवटच्या बाकावर उभा, दोन्ही हात वर,
जणू गोल मारलाय.

मग मी निबंधांचा गठ्ठा काढते.
विषय होता, आमच्या गावचं पाणी.
अकरा वह्यांत एकच नदी,
अकराही वेळा निसर्गसौंदर्याने नटलेली,
अकराही वेळा पर्यटकांना खुणावणारी.
अन्सेल्मच्या नदीत तर चौथ्या ओळीला
"अधिक वाचण्यासाठी येथे स्पर्श करा".
वर्ग हसतो. अन्सेल्मही हसतो,
मग त्याचं हसू थांबतं.
"हांवेंच बरयला, टीचर. हातान."

खरंच. हाताने. निळ्या शाईत, समासासकट.
मी काहीतरी मोठं बोलणार होते
हाताबद्दल आणि डोक्याबद्दल,
पण पुढचा प्रश्न पडद्यावर आपोआप सरकला
आणि तृषालीने तो मोठ्याने वाचला:
"आपल्या सोलापूर जिल्ह्यातील..."

"टीचर, आमचो जिल्लो सोलापूर केन्ना जालो?"

पंखा फिरत राहिला.

काल रात्री साडेअकराला
मी कुणाचा तरी तयार संच उचलला होता.
वरचं नाव पुसून माझं घातलं,
शाळेचं बोधचिन्हही लावलं, बरोब्बर मधोमध.
पंधराच्या पंधरा प्रश्न.
कोण असतील त्या बाई, की सर,
कुठल्या टेबलाशी बसून जुळवले असतील.
खरं उत्तर काय, ते असतंच.
चुकीची तीन रचायला अक्कल लागते.

सात. सहा. पाच.
मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं:
हे प्रश्न माझे नाहीत. सोलापूरकडच्या कुणाचे तरी.
नाव मी पुसलं. शोधून सांगेन.

"झिरो पॉइंट, टीचर," मागून कुणीतरी.
मोजणी बरोबर होती.

वह्या परत. गुरुवारपर्यंत पुन्हा लिहा,
आणि खाली लिहा, कुणाकडून कळलं.
"माणूस चलता?" दीक्षांतने विचारलं,
"की पुस्तकच जाय?"
माणूस चालेल.

गुरुवारी दीक्षांतची वही, कडेला चिखलाचा अंगठा:
भरतीला मानशीची दारं आपोआप लागतात,
ओहोटीला उघडतात.
खारं पाणी किती आत घ्यायचं ते ठरलेलं असतं.
जास्त घेतलं तर भात जळतं.
बांध फोडून घेतलं तर शेत आपलं राहत नाही,
"न्हंयचें जाता".

आणि खाली, दोन ओळी सोडून:
कळलं फोंडूमामाकडून, मानशीवर, जाळं लावताना.
तो थोडा प्यालेला होता.
न्हंयचें जाता हे त्याचं वाक्य, बाकी मी.

लाल पेनचं टोपण काढून बसले मी बराच वेळ.
ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका.
एकही दुरुस्त केली नाही अजून.

अन्सेल्मचं अर्धं पान:
आमच्या घरामागे पाणी आहे. त्यात मगर आहे.
मी बघितली नाही. पप्पांनी बघितली.
पप्पा सांगतात ती झोपली होती.
एवढंच. नटलेलं काही नाही.

सोलापूरहून अजून उत्तर आलेलं नाही.
फळा पुसायला आलेला इनास
माझ्या ओळींपाशी थांबला, हातात ओलं फडकं.
"हें दवरूं, टीचर?"

दवर, म्हटलं.