पहिल्या मिठाच्या आदल्या दिवशी

आगरवाड्याला, मामाच्या मिठागरात,
बोटभर पाण्यात उभी आहे मी.
शापोऱ्याचं पाणी. मानशीच्या दारातून
भरतीबरोबर आत आलेलं,
मग या वाफ्यातून त्या वाफ्यात
जाड होत गेलेलं.

उद्या दोनापावलाला माझं व्याख्यान.
विषय : विश्वाची सुरुवात. वेळ : वीस मिनिटं.

सोयरूमामा विचारतो, काय सांगणार तिथे?
म्हटलं, जागा सलग नसते मामा,
दिसते पाण्यासारखी, पण असते दाणेदार.
केवढा दाणा?
दशांशचिन्ह, चौतीस शून्यं, मग एक.
इतके मीटर.
त्याचं फावडं थांबतं.
"इतलें बारीक मीठ घेतलो कोण?"

खरंच कोणी घेत नाही.
सहा वर्षं तेच डोक्यावर घेऊन फिरते,
आणि मागे मागे जाते :
तारे विरघळतात, अणू विरघळतात,
शेवटच्या वाफ्याशी समीकरण
शून्याने भागायला लागतं.
तिथे गुरुत्वाकर्षण आणि कण,
एका बांधासाठी कोर्टात गेलेले भाऊ,
एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

त्याच्याआधी काय होतं?
उद्या कोणीतरी विचारणारच,
पहिल्या रांगेतला, चष्मा पुसत.

मामाला विचारलं, हंगामाचा पहिला दिवस कुठला?
मीठ पडतं तो.
आणि त्याआधी? दोन महिने गाळ उपसलात,
चिखल तुडवून तुडवून तळ घट्ट केलात,
मामीच्या टाचा फुटल्या, ते?

"तें मेजिनात."
मोजत नाहीत.
काही नव्हतं, असं नाही म्हणाला.

गेल्या वर्षीची वही खोपीत टांगलेली आहे.
पहिलं पान : दिवस एक, पोती चार.
त्याच्या मागे नुसता पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर ओल्या अंगठ्याचा डाग.

ऊन कलतंय. वारा खाडीकडून.
कोपऱ्यातल्या वाफ्यावर काहीतरी साय धरल्यासारखं,
मीठ की उजेड, कळत नाही.
वाकून बघते तर माझीच सावली पडते त्याच्यावर
आणि ते दिसेनासं होतं.

मामा तिकडे बघतही नाही.
रात्री पाणी असतं, म्हणतो, सकाळी मीठ.
मधलं कोणी पाहिलंय?

बोट बुडवून चाटते.
जीभ आखडते, इतकं खारट,
पण अजून पाणीच.

म्हणजे आजच्या दिवसाला आकडा नाही.
माझी शेवटची बस मात्र पावणेसातची आहे.