लाल पाणी

परवाची नळी निळी पडली.
सोनं निळं पडतं, हे बाबांना सांगितलं,
तर म्हणाले, "मंग ता सोनाच नवता."

सोनंच होतं. फक्त इतकं बारीक
की पिवळं दिसायलाही जागा उरत नाही.
पाण्यात सुटं असलं की कोकमाच्या आगळासारखं लाल,
एकमेकांना चिकटलं की निळं,
आणि मग फुकट.

अडचण तशी साधी आहे.
सोन्याच्या कणावर ऋण भार.
डीएनएच्या कण्यावरही, फॉस्फेटमागून फॉस्फेट, ऋणच.
एका नळीत दोघं, एकमेकांकडे पाठ करून.
धाग्याच्या टोकाला मी गंधक बांधलंय,
गंधकाचं सोन्याशी जमतं,
पण टोक पोचायला बाकीच्या अंगाने
आधी हट्ट सोडायला हवा.
त्यासाठी मीठ.

साधं, खायचं.
सगळं एकदम ओतलं, ही माझी चूक.
टिपणीस मॅडमनी नळी उजेडात धरली, रागावल्या नाहीत.
"मनवा, तू घणसोलीची ना?
तुमची तर मिठागरं होती."

होती.
आता त्यावर सेक्टर आहे, आणि एक जिम.
बाबा खाडीचं पाणी मोठ्या कप्प्यात घेत,
फळी बोटभर उचलून पुढच्या कप्प्यात,
मग नुसतं ऊन, दोन दोन दिवस.
"हलू हलू गो. मीठ येताना घाई नाय कराची."

म्हणून आज महाप्यात, तिसऱ्या मजल्यावर,
अर्ध्या तासाला दहा मायक्रोलिटर.
थेंब. हलवणं. पुन्हा खुर्ची.
मीठ दोघांच्या मधे बसतं,
बांधाच्या तंट्यात गावकी बसते तसं,
आणि धागे एकेक करत सोन्यावर उभे राहतात
आवणासारखे दाट.
अशा केसाळ कणाला पेशी आत घेते म्हणे.
नुसता धागा वाटेतच कुरतडला जातो.
म्हणे, कारण मी अजून तिथवर पोचलेले नाही.

पावणेदोन. शेवटचा थेंब.
बाहेर वॉचमन कुणाला तरी गेट उघडतोय.
नळी लालच.

घरी बाबा जागे.
"पीक किती आला?"
डोळ्याला दिसण्याइतकं नाही.
"मंग कलला कसा?"
रंगावरून. लाल राहिलं.

ते कुशीवर वळतात, भिंतीकडे तोंड करून.
"आमचा पन पानी लाल झाला का मीठ येवाचा."
मग बराच वेळ काही नाही.
मला वाटलं झोपले.
"सांडू नको," म्हणाले.